ह्यांच्या नाकासाठी घेतलेला घोट

तीर्थरूप आईस, वाल्बुर्गाचा नमस्कार.

इकडे काळजीचं काही नाही. ह्यांचा खोकला गेला, फक्त वास येणं अजून परतलं नाही. आणि ब्रुअरीत पिल्सनर बिअर चाखून गुण देण्याचं काम ह्यांचंच! नोकरी जाईल या भीतीनं हे नमुन्याच्या बाटल्या घरी आणायचे आणि चाखायचे मी.

उपवासाचे दिवस म्हणून ईस्टरपर्यंत मी बिअर सोडली होती. चाखून थुंकते म्हटलं, तर हे म्हणाले, "पिल्सनरचा कडवटपणा घशात कळतो, गिळायलाच हवी." पाद्रीबाबांनी एका घोटाची मुभा दिली. उरलेली सूपमध्ये घालते, टाकवत नाही.

मग उलटतपासणी. "वास कसला?"

"गवताचा."

"ओल्या की वाळलेल्या?"

"अहो, मी काय गाय आहे?" फार दिवसांनी हे हसले गं.

गेल्या आठवड्यात एका बाटलीला मला उकडलेल्या मक्याचा वास आला. बिअर बिघडल्याची ती खूण, म्हणून ह्यांनी ती ज्या टाकीतली होती ती टाकीच नापास केली. मालक म्हणाले, "योआखिम, तुझं नाक म्हणजे सोनं!" ते ह्यांना सोसवेना, तिथंच खरं सांगून टाकलं. मालक एवढंच म्हणाले, "ईस्टरपर्यंत वाट बघू. तोवर बायकोला घेऊन येत जा."

बाबांचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना धरत जा त्यांना.

काल मी फेस बसू देत देत सावकाश पेला भरला. हे वाकले आणि म्हणाले, "वाळलेलं." खरंच वास आला की आठवणीनं बोलले, मी विचारलं नाही. चर्चमध्ये मेणबत्ती मात्र मी लावून आले, मोठी घेतली.

तुझी,
वाल्बुर्गा