फाटकाची आतली बाजू

१ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ.

सरकारी मालमत्ता विकणाऱ्या खात्यात तुला मोठ्या साहेबांशेजारची खुर्ची मिळाल्याचं कळलं. पाठ सांभाळ. त्या खुर्चीत वाकायची सवय लवकर लागते.

ज्या सरकारी धुलाईघरात मी मुकादम आहे, ज्याच्या पगारावर तू शिकलास, ते तुझ्याच खात्यानं विकायला काढलंय. मला हे कळलं दवाखान्याच्या मेट्रनबाईंकडून. नवा मालक बाळंतिणींच्या चादरी धुणार की गोदाम बांधणार, असं त्या विचारत होत्या. मी काय सांगू? कोणाला विकताय, कोणी ठरवलं? आम्ही रक्ताच्या चादरी पांढऱ्या करतो. तुम्ही काय काय पांढरं करता, ते एकदा कळव.

माया आहेच. उत्तर आलं तर वाढेल.

तुझी ताई

७ मार्च

ति. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं आणि झोंबलं. पण सगळं नियमानं चाललंय गं. विक्रीची जाहीर सूचना महिनाभर तुमच्याच मुख्य फाटकावर, दर्शनी भागी लावलेली आहे. शिपायानं काढलेला फोटो पाहून मीच तशी सही केली. तुम्ही वाचत नाही, त्याला खातं काय करणार? वीस तारखेला सुनावणी आहे, आणि अजून एकही हरकत नाही. लोक खूश दिसतात, असं साहेब म्हणाले. खरेदीदाराचं नाव मात्र गोपनीय आहे.

तुझ्या नोकरीसाठी कुठेतरी शब्द टाकतो. राग गिळून लोभ ठेवावा.

तुझा धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, या खेपेला मोजून.

तुझी सूचना सापडली. धुलाईघर तिन्ही पाळ्या चालतं, हे तुला ठाऊक आहे. मी रात्रपाळीला निघाले की तूच रडायचास. त्यामुळे आमचं फाटक कधी लागतच नाही. दोन्ही पल्ले आत उघडून भिंतीला टेकलेले असतात. तुमच्या शिपायानं फोटोपुरता पल्ला ओढला, आतल्या बाजूला कागद चिकटवला आणि पल्ला परत भिंतीला ढकलून दिला.

काल खरेदीदाराची माणसं यंत्रं बघायला आली, तेव्हा बायकांनी चिडून फाटक लावून घेतलं. बघतो तर कागद समोर. महिनाभर पाली वाचत होत्या. त्यांची हरकत आली नाही, म्हणून साहेब खूश.

तुझा शब्द तुझ्याकडेच ठेव. वीसला आम्ही येतोय. पल्ला बिजागऱ्यांसकट काढलाय, तोही येतोय.

लोभ आटलेला नाही, पण सध्या फाटकाबाहेर उभा आहे.

ताई

२१ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

काल तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस, म्हणून लिहितोय.

सुनावणी साहेबांच्या दालनात, दार लावून व्हायची होती. पल्ला दारातून आत जाईना. तू म्हणालीस की पुरावा अंगणात राहणार असेल, तर सुनावणीही अंगणातच होईल. साहेबांना जिना उतरावा लागला, आणि सगळी कचेरी खिडक्यांत आली. मग तुम्ही पल्ला भिंतीला टेकवलात आणि सही करणाऱ्यानं आता सूचना वाचून दाखवावी, असं सुचवलंत. साहेबांनी मला कोपरानं ढोसलं. मी फटीत डोकं घातलं, कान सोलवटला, आणि वाचता येत नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं.

विक्री थांबली आहे, रद्द नाही. खरेदीदाराचं नाव विचारल्यावर साहेबांना जो खोकला लागला, तो आजही गेलेला नाही.

माझी खुर्ची जिन्याखाली गेली. पाठ मात्र सरळ राहते.

साहेब पल्ला घेऊन जा म्हणतील. माणसं पाठवू नकोस. मी तो अंगणाच्या मधोमध उभा केलाय, कागदाची बाजू रस्त्याकडे. येणारा-जाणारा थांबून वाचतो, आणि मग वर येऊन नाव विचारतो.

लोभाला आत घ्यावं, ही विनंती.

धाकटा