आबांना काटा टोचत नव्हता

बजाजनगर, वाळूज
फेब्रुवारी १९९४

प्रिय आक्का,

तुला आणि दाजींना पाया पडतो. तुझं कार्ड काल मिळालं. आईबद्दल तू शेवटी दोन ओळी लिहिल्यास, त्या वाचून तडक तार करायला गेलो. त्याचं मागून लिहितो. आधी आबांचं सांगितल्याबिगर तुला ते समजायचं नाय.

मेंढरामागं हिंडताना टाचेत बाभळीचा काटा गेला की आबा बाभळीच्या सात पिढ्या काढायचे, आठवतं ना? मेंढरं विकून, आईला गावी ठेवून ते इथं वॉचमन झाले आणि काही वर्षांत काटा टोचायचाच बंद झाला. मागल्या माघात बिरोबाच्या जत्रेत धगधगत्या इंगळावरून चालले, तेबी सावकाश, बिडी ओढत. लोक पाया पडले. सर्जेराव मामा म्हणाला, म्हाताऱ्याला देव पावला. मीबी इथं कंपनीत छाती फुगवून सांगत फिरलो. गेटवर खुर्चीत बसून आबा दिवसभर गोड चहा पितात, त्याकडं कुणाचं ध्यान गेलं नाय. साहेब लोकांसाठी किटली आली की एक कप वॉचमनचा. आबांना तो मान वाटायचा.

संक्रांतीच्या आधी गेटजवळ लोखंडाचा एक टोकदार तुकडा त्यांच्या बुटातून आत घुसला. त्याच बुटात ते दोन दिवस फिरले. मोजा रक्तानं चिकटला तेव्हा मला दाखवला, तोबी हसत. म्हणाले, बघ लेका, एवढं आत गेलं तरी मला खबर नाय. तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराची गडबड सुरू झाली. घोषणा, दगडफेक, गाड्या बंद. शहरात यायला रिक्षावाला तयार होईना. मी खोलीत जखमेत हळद भरत बसलो. दवाखान्यात पोचलो तोवर अंगठा काळा पडला होता.

डॉक्टर म्हणाला, ही साखर आहे. पायातली जाणीव तिनं मारली, देवाचा ह्यात काय संबंध? आबा त्याच्याकडं असे बघत राहिले, जसं कुणी त्यांची पगडीच उतरवली. आक्का, इथं खोलीखोलीत हेच चाललंय. शेजारचा कडूबा माझ्याच वयाचा, कंपनीच्या तपासणीत सापडला. गोळी बायकोपासून लपवून खातो आणि वर माझ्याच चहात साखर जास्ती झाली म्हणून मला शिव्या देतो. सापडतात ते बाप्येच, कारण तपासतात बाप्यांनाच. डॉक्टरनं विचारलं, घरी बाईला आहे का? आबा म्हणाले, तिला काय व्हतंय, मेंढरं गेल्यापासून ती तर बसूनच असती. मीबी मान हलवली.

आता तुझ्या दोन ओळींचं. आईनं चुलीतल्या विस्तवावर पाय टेकवून बघितला, भाजलं नाय, म्हणून आबांच्या पायासाठी ती पुनवेला इंगळावरून चालणार. देवानं कौल दिला, असं तू लिहिलंस. आक्का, तिची चप्पल वाटेत कुठंतरी निसटती आणि तिला घरी आल्यावर कळतं. आपण तिला येडी म्हणून हसायचो. आबांना काटा टोचला नाय तर लोक पाया पडले, आईची चप्पल निसटली तर आपण हसलो. दुखणं तेच आहे. तिला अडव. तार केलीय, पण तारेतल्या चार शब्दांनी ती थांबायची नाय, आणि हे पत्र पुनवेच्या आत पोचंल असं मला वाटत नाय. आबांना टाकून मला निघता येत नाय. पोचलंच, तर तिला सगळं सांग. मलमपट्टी चालू आहे असं मी कळवलं होतं. ज्या पायासाठी ती नवस फेडायला निघालीय, तो पाय सोमवारी गुडघ्यातून काढला. आबांना शुद्ध आल्यापासून तोच पाय ठणकतोय. जागा रिकामी आहे तिथं ते हात फिरवत बसतात. एवढं ऐकूनबी आई चालली, तर लगेच मला कळवू नको. दोघांच्या पायाशी एकदम बसायचं मला जमणार नाय.

तुझाच,
भिकन