नऊ भाकरींचा आलेख

आई, धाकटीच्या कागदांची पिशवी काल दुपारी उघडली. वर एक्स-रे, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आणि तळाशी घडी घातलेला तो लांबच लांब कागद, दोन्ही कडांना भोकं असलेला, तेव्हाच्या कम्प्युटरमधून निघायचा तसा. तू जाऊन इतकी वर्षं झाली, धाकटी तर तुझ्याही आधी गेली, पण या पिशवीला हात लावायचा धीर मला झाला नव्हता. आणि बघ, माझं पोट मात्र असल्याच कागदांवर चालतं. पुण्याच्या एका दवाखान्यात मी मुलांच्या मनगटांना पट्टे बांधते आणि त्यांच्या हातांच्या हालचालींचे आलेख वाचते. धाकटीसारखीच मुलं असतात, क्वचित कुणाला होणाऱ्या आजारांची.

दीड वर्षाची होईपर्यंत ती तुला हाक मारायची, वाटी उचलायची. मग शब्द गेले, हातांची पकड गेली. हात मात्र थांबले नाहीत. छातीशी धरून, धुणं पिळावं तसे ती ते दिवसभर पिळत बसायची. भिंगारातल्या बाया बाहेरच्या बाधेचं काहीबाही सुचवायच्या आणि तू त्यांना दारातूनच वाटेला लावायचीस. नगरला महिन्यातून एकदा पुण्याचे मेंदूचे डॉक्टर येत, त्यांनी पहिल्यांदा आजाराला नाव दिलं. आजारावर औषध नाही, म्हणाले, हात शांत व्हायला गोळी आहे. ती किती द्यायची ते ठरवण्यासाठी त्यांनी आठ दिवस तिच्या मनगटावर एक यंत्र बांधलं. घड्याळासारखंच, पण काटे नसलेलं. हात किती हलला ते मिनिटामिनिटाला आत साठत राहायचं. बाहेरदेशातून आणलेलं एकच आहे, जपा, असं त्यांनी तीनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी तिचं मनगट सोलवटलं. लाळेनं पट्टा ओला, खाली लालभडक कातडी. तू पट्टा सोडतेस, खोबरेल लावतेस, आणि यंत्र हातात घेऊन विचारात पडतेस. बाबा मिलिटरीच्या गॅरेजात कामाला, त्यांना बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबानं जुनं घड्याळ दिलं होतं. चावी नसलेलं, हाताच्या हालचालीवर चालणारं. दोन दिवस फळीवर राहिलं की बंद पडायचं.

‘‘ह्ये बी तसलंच आसंल,’’ तू म्हणालीस. ‘‘बंद पडलं तर सायब पुन्यांदा देनार न्हाईत. मी घालते, चालू तर ऱ्हाईल.’’

आणि बांगड्यांच्या वर तू ते उजव्या हाताला बांधलंस. मी आठवीत होते. मला हसू फुटलं, मी म्हटलं, आई, शाळेतली बाई दिसतेस. जन्मात तुझ्या हाताला घड्याळ नव्हतं. त्या दिवशी तू नळावर गरज नसताना दोनदा जाऊन आलीस, हे मी पाहिलं होतं.

आठ दिवसांनी दवाखान्याच्या दारात तू ते पुन्हा धाकटीच्या हातात घातलंस. त्याआधी बसमध्ये मी केसातल्या पिनेनं पट्ट्याच्या भोकांतलं पीठ काढलं होतं. डॉक्टरांनी यंत्र कम्प्युटरला जोडता जोडता विचारलं, ‘‘सगळे दिवस हिच्याच हातात होतं ना?’’

तू पदर सावरून पुढे झालीस. ‘‘सायब, त्याचं आसं झालं, पोरीचं मनगाट...’’

‘‘हो सर,’’ मी मध्येच म्हणाले. ‘‘हिच्याच हातात होतं.’’

तू माझ्याकडे बघितलंस आणि मागे सरलीस. शिकलेली लेक बोलते म्हणजे बरोबरच असणार, असं तुला वाटलं असेल. कागद करकरत बाहेर आला. डॉक्टरांनी पेनानं गोल केले. पहिले दोन दिवस हालचाल सारखी, मग सकाळ-संध्याकाळ एकदम उसळ्या. आजार पुढे सरकतोय, ते म्हणाले, आणि गोळी दुप्पट केली.

तव्यावर भाकरी टम्म फुगली की धाकटी हसायची, आठवतं? तिचं सगळं बोलणं त्या एका हसण्यात होतं. तिच्यासाठी तू तवा तिच्याकडे वळवून ठेवायचीस. दुप्पट गोळीनंतर ती भाकरीकडे बघेनाशी झाली. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. तू तरीही तवा वळवत राहिलीस. ‘‘आज लई झोप हाय तिला,’’ म्हणायचीस, रोजच. दीड वर्षानं ती न्यूमोनियानं गेली. गोळीमुळे गेली असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणत नाही. पण तिचं हसणं गोळीनं गेलं, आणि ते तुला परत मिळालं नाही.

काल मी त्या उसळ्या मोजल्या. थोडा वेळ हात जोरात, मग जरा थांबलेला, पुन्हा जोरात. धाकटीचे हात असे थांबायचेच नाहीत. थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, मग पुढचा गोळा. रोज सकाळी नऊ. रविवारी तेरा, कारण श्रीरामपूरचा मामा मुलांना घेऊन आला होता. आई, तो कागद धरून मी ढसाढसा रडले. डॉक्टरांनी गोल केलेत ते तुझ्या भाकरींना.

आता पट्टा बांधताना मी प्रत्येक आईला सांगते, काढला तर काढला म्हणा, कुणी रागावणार नाही. एखादी चाचरत बोलायला लागली की तिचं पुरतं ऐकून घेते. सोबतची मुलं मध्ये बोलली तर त्यांना गप्प करते, जरा जास्तच कडकपणे.

मी तुला वाचवायला बोलले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तू ‘मनगाट’ म्हणालीस आणि त्या डॉक्टरांसमोर मला तुझी लाज वाटली.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते वाक्य मी गाळलं असतं.