बिनघुंगरांचा पोळा

१९ ऑगस्ट १९५७
जोडवी निघेनात! तेल लावलं, साबण लावला. गिरजाचे पाय पार सुजलेत. शेजारची सोमारीबाई म्हणाली, "आठव्या मैन्यात पाय सुजतेच, गुरुजी." गावची सुईणच ती. मला बरं वाटलं.

२१ ऑगस्ट
तिचं डोकं फार दुखतंय. जेवताना माझ्याकडे बघून म्हणते, "तुमी दोन-दोन दिसून राह्यले मले." मी म्हटलं, एक झेपत नाही, आता दोन सांभाळ! दोघंही हसलो.

२२ ऑगस्ट
काय लिहू! चुलीपाशी ताठ झाली, डोळे फिरले, तोंडाला फेस. सारं अंग आचके देत होतं. शुद्धीवर आली तर मला ओळखेना. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, देव बघा. ऐकलं नाही — जंगलखात्याच्या ट्रकवरून आलापल्लीला निरोप धाडला.

डॉक्टर जीपने आले. रक्तदाब चढलाय, म्हणून हे झटके. सुई दिली. हलवायचं नाही, रस्त्याचे हादरे सोसणार नाहीत. खोलीत अंधार ठेवा, आवाज अजिबात नको — आवाजानंही झटका येतो म्हणे. बाळाचं विचारलं. "आधी आई," एवढंच म्हणाले.

२३ ऑगस्ट
शाळेची घंटा उतरवली. खिडकीला घोंगडी, दाराच्या कडीला चिंध्या. तरी दुपारी कोंबडा आरवला नि पुन्हा झटका! त्याची मान मुरगळावीशी वाटली. सोमारीबाई न सांगता आपल्या कोंबड्या लेकीकडे सोडून आली.

२४ ऑगस्ट
झटके थांबत नाहीत. देवा, मला बाळ नको. हिला ठेव.
लिहिलं खरं. खोडणार नाही.

२५ ऑगस्ट
आज पोळा. मुखरू पाटलांपुढे हात जोडायला गेलो, तर बोलूच दिलं नाही. "बैलाईले घुंगरू कोणीच नाई बांधलं, गुरुजी. ढोलबी नाई. जा, तिच्यापाशी बसा."
सारं गाव बैल घेऊन दारावरून गेलं. पोरंसुद्धा मुकी. चिखलात खुरांचा काय तो आवाज. मी अंगणातच रडलो.

२६ ऑगस्ट
सकाळी बाळंत झाली, बेशुद्धीतच. मुलगी. सोमारीबाईनं उलटी धरली, पाठ चोळली, तोंडात फुंकलं. मी म्हणत होतो — रड गं, रड! मोठ्यानं रड!
रडली नाही.

२८ ऑगस्ट
झटके थांबले! गिरजानं डोळे उघडले, मला ओळखलं. बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "सारं एवढं चूप काऊन हाय? बाळ निजलं काय?"