तिसरं नाव

धाकटीला तुम्हीच बिघडवलंत, अण्णा. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी ती अजून तुमचीच भाषा बोलते. परवा फोनवर म्हणाली, "दादा, नगरपालिकेला उभी राहतेय. आपल्याच वॉर्डातून, अपक्ष." मी म्हटलं, "कारखानावाल्यांचा उमेदवार आहे, पतसंस्थावाल्यांचा आहे. मध्ये तुझं काय काम?" तर म्हणते, "तेच काम." मग हळूच थोडे पैसे मागितले. अनामतीला आणि पत्रकं छापायला. मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. तिला अजून उत्तर दिलेलं नाही, कारण माझं भांडण तिच्याशी नाहीच. ते तुमच्याशी आहे, आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात.

नळाच्या पाण्यासाठी तुम्हीही असेच तिसरे उभे राहिलात, तेव्हा तुम्हाला एकसष्ट मतं पडली होती. कपबशी चिन्ह. पतसंस्थावाल्यांचा माणूस अठरा मतांनी पडला आणि कारखान्याचा तो मुजोर निवडून आला. पडलेल्याने मला पतसंस्थेत शिपाई म्हणून लावतो असा शब्द दिला होता, हे तुम्हाला माहीत होतं. नववी नापास पोराला दुसरं कोण काय देणार होतं? निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्या पिठाच्या गिरणीत आलो. दळण चालू आहे, चार-पाच बायका डबे घेऊन उभ्या आहेत, आणि मी पट्ट्याच्या आवाजावर ओरडतोय, "एकसष्ट लोकांना खूश करायला घर बुडवलंत. मतं फोडलीत तुम्ही." तुमच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "एवढं दळण संपू दे, मग बोलू." ते दळण काही संपलं नाही. मी पुण्याला हॉटेलात लागलो, वर्षाच्या आत तुमची छाती दुखली आणि संपलंच.

आता मी अमेरिकेत, पार्सिपनीत, एका मराठी बाईंच्या किचनमध्ये आहे. आचारी म्हणून कागद करून त्यांनीच आणलं. सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही. सकाळी पोळ्या-भाज्या करतो, संध्याकाळी व्हॅनमधून डबे पोचवतो. गिऱ्हाइकं बहुतेक कम्प्युटरवाली, कोणी पुण्याचं, कोणी नागपूरचं. इथेही दोनच पक्ष आहेत, अण्णा. एवढा मोठा देश आणि उमेदवार दोन. कुठे कुठे तिसरं नाव असतं कागदावर, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. निवडणूक आली की अंगणात पाट्या लागतात आणि डबा देताना घर कोणाचं ते कळतं. मी विचारतो, तुमचा माणूस चांगला आहे का? तर उत्तर येतं, "चांगला वगैरे सोड रे, पण समोरचा आला तर वाट लागेल." त्या पाटीच्या घरातही हेच आणि या पाटीच्या घरातही हेच. दोघांचं दुकान एकमेकांच्या भीतीवर चालतं. हे मला आपल्या गावाहून काही वेगळं वाटलं नाही.

डब्याच्या घरांत एक काका आहेत. डॉक्टर होते, आता रिटायर्ड. बायको गेली, म्हणून डबा. त्यांच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या हद्दीत, एक रस्ता आहे, अपार्टमेंटपासून दुकानांपर्यंतचा. त्याला फुटपाथ नाही. गाड्या ताशी पन्नास मैलांनी जातात आणि कडेच्या गवतातून माणसं चालतात. कोण, तर इथे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, ज्यांना गाडी येत नाही. आणि आमच्यासारखे कामवाले, ज्यांना गाडी नाही. मी त्याच रस्त्याने खोलीवर जातो. बर्फ पडलं की गवतही राहत नाही, मग सरळ गाड्यांसमोरून चालायचं. काका दोन्ही पक्षांच्या लोकांना भेटून आले. दोघंही गोड बोलले. एकाने खासगीत सांगितलं, "डॉक्टर, त्या रस्त्यावर चालणारे मत देत नाहीत." त्या दिवशी काका डबा घेताना मला म्हणाले, "मी कौन्सिलला उभा राहतोय. तिसरा." मला तुम्हीच दारात उभे आहात असं वाटलं आणि राग आला. मी म्हटलं, "काका, पडाल." ते म्हणाले, "हो, पडेन. भाजीत मीठ कमी होतं आज."

उभं राहायला शंभरेक सह्या लागतात. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चालवत नव्हतं, म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे दिले. "डबे देतोसच, सह्या घेऊन ये." आणि लोकांनी दिल्या हो. आपल्या लोकांचं माहीत आहे ना तुम्हाला? काकांनी कधी कोणाच्या पोराचा ताप बघितलेला, कधी कोणाला विमानतळावरून आणलेलं. त्यांना नाही कोण म्हणणार? कोणी गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली. एका आजींनी पोळीचे हात पुसून मराठीत पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या गावासकट. दहा दिवसांत एकशे बारा सह्या झाल्या. मी वर्गात पहिला आल्यासारखा फिरत होतो.

मग एका मुलीने सही करण्याआधी कागद वाचला. वाचणारी ती पहिलीच. म्हणाली, "दादा, यात लिहिलंय की सही करणारा इथला नोंदलेला मतदार आहे. मी व्हिसावर आहे. ही सही तिकडे गेली तर माझं ग्रीन कार्ड अडकेल." आणि मग विचारलं, "तुम्ही किती जणांच्या घेतल्यात?" मला ती ओळ दिसली होती, अण्णा. बारीक इंग्रजी होती, मी सोडून दिली होती. व्हॅनमध्ये बसून नावं मोजली. निम्म्याहून जास्त व्हिसावरची. त्यात आजी. त्यात बाळ झालेली जोडपी, नुकतंच घर घेतलेले लोक.

दोन दिवस मी काही बोललो नाही. काका दारात वाट बघायचे, "किती झाल्या?" विचारायचे, आणि मी आकडा सांगायचो. वाटायचं, कोण तपासतंय? काकांनी दिले कागद तर देऊ देत. तिसऱ्या दिवशी डबा त्यांच्या हातात दिला आणि सांगून टाकलं. ते खुर्चीत बसले. चष्मा काढला, परत घातला. मी म्हटलं, "चूक माझी आहे." ते म्हणाले, "नाही. तुला वाचता येतं का, ते मी विचारायला हवं होतं." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी फोन काढला आणि एकेकाला स्वतः विचारलं, "तू सिटिझन आहेस का रे? नाही? मग माझी चूक झाली, ते पान मी फाडतो." सगळी पानं त्यांनी माझ्यासमोर बारीक फाडली. ज्यांच्या सह्या चालत होत्या त्यांच्याकडे परत जाऊन नव्या घ्यायच्या आणि बाकीच्या नव्याने मिळवायच्या. हातात नऊ दिवस.

पुढचे दोन रविवार आणि रोज संध्याकाळी डबे वाटून झाले की काका काठी घेऊन घरोघर गेले, मी पाणी आणि कागद धरून मागे. आता गोऱ्यांची घरंही होती. एका म्हाताऱ्याने दार अर्धं उघडून विचारलं, कुठल्या बाजूचे? काका म्हणाले, "रस्त्याच्या बाजूचे." तो हसला आणि सही केली. वर सांगितलं, मत मात्र देणार नाही, वाया जाईल. एका बाईने दारातूनच दोन्ही पक्षांना पाऊण तास शिव्या दिल्या आणि सही न करता दार लावलं. शेवटच्या दिवशी एकशे सहा झाल्या. काकांचं नाव मतपत्रिकेवर छापलं गेलं.

ते पडले. आणि जो दोघांतला बरा होता, तोही पडला, थोडक्यात. काकांना मिळालेली मतं त्याला गेली असती तर तो निवडून आला असता. हा बरा माणूस होता, अण्णा, हे मी कबूल करतो. लायब्ररी रविवारी चालू ठेवू म्हणाला होता, आता ती बंद होणार म्हणतात. म्हणजे तोटा झालाच, कोणीतरी भोगणारच आहे तो. फुटपाथही झालेला नाही. निवडून आलेल्याच्या प्रचाराच्या शेवटच्या पत्रकात त्याबद्दल एक ओळ आली होती. तेवढीच.

गेल्या शनिवारी काका किचनवर आले होते. डबा न्यायला आलेला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "काय काका, पाडलंत ना आमच्या माणसाला? मतं फोडून काय मिळवलंत यार?" मी झारा खाली ठेवला आणि म्हटलं, "ती मतं त्याची कधी होती?" काकू आतून म्हणाल्या, "तू पोळ्या बघ." मी पोळ्या बघितल्या. पण वाक्य तोंडातून गेल्यावर कळलं ते कुठलं होतं. तुम्ही ते पारावर म्हणाला होतात, आणि मी लाजून मागच्या गल्लीने घरी गेलो होतो.

दोघांच्या मध्ये तिसरा हवाच का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिसरा उभा राहिला की बऱ्याचं नुकसान होतं, हे मी दोनदा बघितलं. उभा राहिला नाही तर गवतातून चालणाऱ्याकडे कोणी बघतच नाही, हेही बघितलं. त्या नऊ दिवसांत एक मात्र झालं. लोकांनी दार उघडून त्या रस्त्याबद्दल बोलायचं ठरवलं, समोरच्याला शिव्या न देता. मला वाटतं तुम्ही गिरणीत हेच करत होतात. दोन्ही गटांच्या बायका तिथेच डबे घेऊन उभ्या असायच्या आणि नळाबद्दल बोलायच्या.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक सांगतो. आई अजून म्हणते की एकसष्टांतली घरची तीन मतं तरी पक्की होती. दोनच होती, अण्णा. मी शिपायाच्या नोकरीला मत दिलं. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या बोटावरची शाई बघून पाठीवर हात ठेवलात, तेव्हा मी मान खाली घातली.

धाकटीला आज पाठवतोय. दोनशे साठ डॉलर.