भैरूच्या बुटातली किल्ली

रविवार, ८ जून

पुन्हा तेच! एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायच्या आमच्या रविवारच्या खेळातला माझा भैरू हा लबाड तलवारबाज, आणि मी त्याची पुरती वाट लावली. पहारेकरी झालेल्या निखिलने विचारलं, "जवळ काय काय आहे?" चाकणला कंपनीच्या गेटवर रोज मोबाइल, डबा सांगते, तसं सगळं सांगून टाकलं. तलवार, दोन कट्यारी, बुटात चोरलेली किल्ली. किल्लीसुद्धा! सगळे कैदेत.

"अगं बाई, चोर आहेस तू!" स्नेहा ओरडली. "पुढच्या रविवारी भैरू मी घेणार."

विचारलं की खरं सांगायचं, ही आईची शिकवण खेळातही सुटत नाही. पण भैरूही मला सोडवत नाही. म्हटलं, "ती किल्ली मी मुद्दामच सांगितली. डाव आहे माझा."

स्नेहाला पटलं.

म्हणजे खोटं मला येतं. भैरूलाच येत नाही.