हनुवटीची मदत

बाबा, मी सध्या अमरावतीत एम.एड. करून राहिलो, विशेष शिक्षणात. हे ऐकून तुम्ही आधी चष्मा पुसला असता आणि मग विचारलं असतं, "कोण, तू?" बरोबरच आहे. आयटीआय अर्ध्यात सोडली, मोबाइलच्या दुकानातून पळालो, चिखलदऱ्याच्या हॉटेलात दोन सीझन काढले. मध्येच एका टेम्पोवाल्यासोबत नुसता फिरायला म्हणून रिद्धपूरला गेलो, तर आठ दिवस तिथंच राहिलो, कारण तिथले एक म्हातारे बुवा फार रंगवून गोष्टी सांगायचे. त्यात आता शिरत नाही, नाहीतर हे पत्र तिकडंच जाईल. तुम्ही गेलात तेव्हा मी चिखलदऱ्यातच होतो, पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. मग मुक्त विद्यापीठातून रडतखडत बी.ए., त्यानंतर बी.एड. आणि आता हे. तुम्ही मला कधी 'या लाइनीत ये' म्हटलं नव्हतं. मीच आलो, आणि येण्याचं कारण तुम्ही काम शिकवायचात ती अकोल्याची कर्मशाळा आहे.

टिनाची शेड, मे महिना, आणि पंखा बंद, कारण कागद उडतात. मी दहावीची परीक्षा देऊन रिकामा आहे म्हणून तुम्ही मला सोबत आणलंय. 'मतिमंद मुलांची कर्मशाळा' अशी बाहेर पाटी, पण आतली निम्मी 'मुलं' माझ्याहून मोठी. माझ्यासमोर तीस वर्षांचा एक दादा बसलाय. औषधाच्या दुकानात देतात तशी कागदी पिशवी करतोय. घड्या तुम्ही घालून दिल्यात, खळ तुम्ही लावलीय, शेवटचा काठ तेवढा त्यानं दाबायचाय. तो बोट वर धरून बसलाय, बसलाच आहे. मला राहवत नाही. मी हात घालतो आणि काठ दाबून टाकतो.

"काहून रे? तुयी गाडी सुटून राहिली काय?"

"मदत केली ना बाबा."

"मदत नाही केली. त्याचं काम खाल्लं तू."

तुम्ही तो ओला काठ पुन्हा सोडवता, पिशवी त्याच्यापुढं ठेवता आणि माझे दोन्ही हात मला पाठीमागं धरायला लावता. सगळ्यांसमोर. मला फार लाज वाटली होती. घामाची धार कानामागून सदऱ्यात उतरेपर्यंत आपण तिघं तसेच. मग त्याचं बोट खाली येतं. "झालं!" तो ओरडतो, आणि शेडमधल्या एकेकाला जय भीम घालत सुटतो. तुम्हीही उठून त्याला जय भीम करता, एखादा साहेब आल्यासारखा. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याला शेवटच्या दोन पायऱ्या दिल्या, मग तीन. गेल्या वर्षी कॉलेजात आमच्या मॅडमनी वर्गात हेच शिकवलं. शेवटची पायरी आधी मुलाची, म्हणजे काम संपवल्याचा आनंद त्याचा; याला उलट साखळी म्हणतात. मी बोलून गेलो, "हे आमचे बाबा करायचे." मॅडमनी विचारलं, "कुठं शिकले ते?" म्हटलं, "माहीत नाही मॅडम. दहावी नापास होते." वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत.

आता माझी गोष्ट. आम्हाला एका मुलाला एक कौशल्य वीस दिवस शिकवून रोजची नोंद ठेवायची असते. माझ्याकडं नऊ वर्षांची एक मुलगी आहे, शाळा सुटल्यावर कॉलेजच्या केंद्रात येते. तिला जेवणाचा डबा उघडायला शिकवायचं होतं, चार क्लिपांचा. नोंदीत रोज लिहायचं: हात धरून केलं, सांगून केलं, की स्वतंत्र केलं. शेवटचे पाच दिवस मी 'स्वतंत्र' लिहिलं. मी हात लावत नव्हतो, बोलतही नव्हतो. फाइलवर मॅडमची सही झाली. आठवड्यानं तिची अम्मी आली.

"सर, तीन दिन से डब्बा वैसाच वापस आ रा. मैंने स्कूल में बोल दी थी, अब खुद खोलती, कोई हाथ मत लगाओ. आपकी फाइल में लिखा है ना?"

मी डबा मागवला, पोरीसमोर ठेवला. तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि माझी हनुवटी पहिल्या क्लिपकडं वळली. आपोआप. तिनं ती काढली, मग हनुवटी दुसऱ्या क्लिपकडं. पाच दिवस ती माझी हनुवटी वाचत होती, आणि शाळेत ती हनुवटी नव्हती, म्हणून पोर तीन दिवस उपाशी बसली. अम्मी चिडली नाही, "ऐसा है क्या" एवढंच म्हणाली. चिडली असती तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला न जाता चिखलदऱ्याच्या गाडीत बसलो. माझी जुनी सवय, तुम्हाला नवीन नाही. परतवाड्याला गाडी थांबली, चहा प्यायला उतरलो आणि चहा संपेपर्यंत गाडी गेली. दुसरी होती, पण चढलो नाही. उलट दिशेची धरली आणि थेट कॉलेजात गेलो.

"'स्वतंत्र' लिहिलंय ते खोडायचं आहे मॅडम."

"पाचही दिवस?"

"पाचही."

"मग पुन्हा वीस दिवस. तुझी परीक्षा पुढच्या सत्रात जाईल, कळतंय ना? लोक लपवतात रे असलं."

"माझ्यानं नाही लपवून होत. तिचा डबा आहे तो."

आता मी तिच्या मागं बसतो. ती मान वळवून मला शोधते, मी खाली पाहतो. शाळेतही सांगून ठेवलंय की सध्या डबा उघडून द्या. आज अकरावा दिवस, शेवटच्या दोन क्लिपा तिच्या तिनं काढल्या. उरलेल्या दोनपुढं मी 'हात धरून' लिहिलंय. ते लिहिताना मला तुमचा राग आठवला आणि बरं वाटलं. त्या दिवशी शेडमध्ये तुम्ही रागावला नसता तर मला माझी हनुवटी दिसलीच नसती.

हे सगळं नोंदवहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय. वही जमा करायच्या आधी पानं फाडून घेईन, कुठं पाठवणार. एक मात्र मॅडमनाही सांगितलं नाही. परवा पोरीला ताप होता, ती आली नाही, आणि निरोप मिळाल्यावर मला आधी आनंद झाला, बाबा. सुट्टी मिळाली म्हणून. मग दुपारभर कुठंच करमलं नाही.